मॅच बघायला येतं कोण? बावीस वर्षं ग्राउंड नसलेल्या एका क्लबचं प्रकरण

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर आम्ही तिघं जण पावतीबुक घेऊन भुसावळच्या मार्केटात फिरत होतो. फुटबॉलची स्पर्धा घ्यायची होती, आठ टीम, नॉकआउट, दोन दिवस. बॉल, नेट, चुना, रेफ्रीचं मानधन, चाळीसगाव-धुळ्याकडून येणाऱ्या पोरांचं जेवण, सगळं धरून खर्च फार नव्हता, टेनिस बॉल क्रिकेटच्या एका चषकाचं पहिलं बक्षीसच त्याच्यापेक्षा मोठं असतं. फिरत फिरत एका कृषी सेवा केंद्रवाल्या काकांकडे गेलो, माणूस देवासारखा, गणपतीला देतात, सप्त्याला देतात, क्रिकेटला तर न मागता देतात. त्यांनी चहा मागवला, आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एकच विचारलं, "भो, ते बठ्ठं ठीक आहे, पण मॅच बघायला येतं कोण?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. पण मला जे आजपर्यंत लक्षात राहिलंय ते वेगळंच. काउंटरवर त्यांचा मुलगा बसलेला, बारावीतला, अंगात लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या क्लबची लाल जर्सी, शनिवार-रविवारी रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर मॅच बघतो, अकरा प्लेअरची नावं तर सोडाच, बेंचवरची पण पाठ. आणि आमचं ग्राउंड त्याच्या घरापासून सायकलवर पाच मिनिटं, तिथं तो एकदाही आलेला नाही. म्हणजे फुटबॉलवर प्रेम नाही असं नाही ना, प्रेम भरपूर आहे, फक्त ते सगळं बाहेर वाहून जातं.

तेव्हापासून मी शोधत होतो की हा प्रश्न अजून कुणाला पडलाय का, आणि सापडलं असं की एका अख्ख्या देशाला पडलाय, शंभर वर्षांपासून. तो देश म्हणजे आयर्लंड. आणि त्या देशातल्या एका क्लबची गोष्ट मी इतक्यांदा वाचली, ऐकली, जुन्या क्लिप बघितल्या, की आता ती व्यवस्थित लिहूनच काढतो, कारण मला वाटतं काकांच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे.

आधी देश

आयर्लंडची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत ५१ लाखांच्या वर होती. आपले जळगाव, धुळे, नंदुरबार तीन जिल्हे मिळून २०११ लाच ७९ लाखांच्या आसपास होते. म्हणजे अख्खा आयर्लंड आपल्या खान्देशपेक्षा लहान, माणसांच्या हिशोबानं. तरी त्यांचा स्वतःचा देश, स्वतःची राष्ट्रीय टीम, स्वतःची लीग. लीग सुरू झाली १९२१ मध्ये, बेलफास्टच्या फुटबॉल संघटनेपासून फुटून, पहिल्या सीझनला आठ क्लब आणि आठही डब्लिन भागातले, आणि पहिली लीग जिंकली सेंट जेम्सेस गेट या क्लबनं, जो गिनेस बिअरच्या कारखान्यातल्या कामगारांचा होता. भुसावळच्या माणसाला हे लगेच कळेल, कारण आपल्याकडं पण खेळ आला तो रेल्वेच्या नोकरीबरोबर आला, शिफ्ट संपली की ग्राउंड.

आता या लीगच्या दोन बाजूला दोन मोठे पहाड उभे आहेत. एक घरातला, म्हणजे जीएए, गेलिक म्हणजे आयर्लंडच्या पारंपरिक खेळांची संघटना, १८८४ पासूनची, गावागावात त्यांचा क्लब, काठी-चेंडूचं हर्लिंग आणि हातानं-पायानं दोन्हीनं खेळायचं गेलिक फुटबॉल, खेळाडूंना पगार नाही पण इज्जत एवढी की क्रोक पार्क या त्यांच्या स्टेडियममध्ये ८२ हजार माणूस बसतं. एका काळात तर जीएएच्या मेंबरनं फुटबॉल खेळलं तर त्याला काढून टाकायचे, ती बंदी १९७१ पर्यंत होती! आपल्याकडं क्रिकेट जसं आहे तसं समजा, पण त्याच्यात देशाभिमान आणि गावाभिमान दोन्ही मिसळलेले, त्यामुळं अजूनच घट्ट.

दुसरा पहाड समुद्राच्या पलीकडं, इंग्लंड. विमानानं डब्लिन ते लिव्हरपूल तासाभराच्या आत. भाषा तीच, टीव्हीचे सिग्नल पूर्व किनाऱ्यावर आधीपासून यायचे, आणि प्रत्येक मोठ्या इंग्लिश क्लबात एखादा आयरिश पोरगा असायचाच, मग त्या पोराचं गाव त्या क्लबाचं झालं. आजही दर वीकेंडला आयर्लंडमधून माणसं तिकीट काढून मँचेस्टर, लिव्हरपूल, ग्लासगोला मॅच बघायला जातात, हॉटेल, विमान, स्कार्फ, सगळा खर्च करून. त्या पैशात घरच्या क्लबाचं अख्ख्या सीझनचं तिकीट आलं असतं.

आणि खेळाडू? रॉय कीन हा कोव्ह रॅम्बलर्स या छोट्या क्लबात खेळायचा, १९९० मध्ये त्याला इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टनं घेतलं ४७ हजार पौंडात. तीन वर्षांनी फॉरेस्टनं तोच खेळाडू मँचेस्टर युनायटेडला विकला ३७ लाख ५० हजार पौंडाला, तेव्हाचा ब्रिटनमधला विक्रम. ज्या क्लबनं त्याला उभं केलं त्याला ४७ हजार, मधल्या दुकानदाराला बाकी सगळं. केळीवाल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही, रावेरच्या शेतात घड कितीला जातो आणि दिल्लीत डझन कितीला मिळतं हे तो रोज बघतो. २००९ ला परत तेच झालं, शेमस कोलमन आयर्लंडच्या स्लायगो रोव्हर्सकडून इंग्लंडच्या एव्हर्टनला गेला ६० हजार पौंडात आणि पुढं तिथंच पंधरा वर्षांच्या वर खेळला, कॅप्टन झाला, देशाचाही कॅप्टन झाला.

मग तिथं पण लोक तेच म्हणतात जे इथं म्हणतात. दर्जा नाही म्हणून आम्ही येत नाही. लोक येत नाहीत म्हणून पैसा नाही. पैसा नाही म्हणून दर्जा नाही. हे चक्र कुठून तोडायचं हाच खरा प्रश्न आहे, आणि बहुतेक सगळे सांगतात की आधी पैसा आणा. मी पण तेच समजत होतो, म्हणून तर पावतीबुक घेऊन फिरत होतो.

मिलटाउन

शॅमरॉक रोव्हर्स हा आयर्लंडचा सगळ्यात जास्त लीग जिंकलेला क्लब. हिरवे-पांढरे आडवे पट्टे. १९६४ ते १९६९ सलग सहा वर्षं त्यांनी एफएआय कप, म्हणजे आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेचा कप, जिंकला. १९२६ पासून त्यांचं ग्राउंड डब्लिनच्या दक्षिण भागात मिलटाउनला, ग्लेनमॅल्युअर पार्क, जमीन चर्चच्या एका संघाची, भाडेपट्ट्यावर घेतलेली.

१९८३-८४ पासून १९८६-८७ पर्यंत रोव्हर्सनं सलग चार वर्षं लीग जिंकली. चार! दर्जाच पाहिजे असेल तर त्या काळात देशात त्यांच्यावर कुणी नव्हतं. पण प्रेक्षक कमी होत होते, क्लबाचे मालक असलेलं कुटुंब म्हणत होतं आम्हाला तोटा होतोय, आणि १९८७ मध्ये त्यांनी जाहीर केलं की टीम शहराच्या दुसऱ्या टोकाला टोल्का पार्कला हलणार. त्याच्या आधी त्यांनी मिलटाउनची जमीन विकत घेऊन ठेवलेली होती. तिथं घरं बांधायची होती.

एप्रिल १९८७ मध्ये मिलटाउनला शेवटची मॅच झाली, कपची सेमीफायनल, समोर स्लायगो रोव्हर्स. लोक मैदानात उतरले, बसून राहिले. मग प्रेक्षकांनी समिती केली, रोव्हर्सला मिलटाउनमध्येच ठेवा म्हणून, आणि पुढचा सीझन सुरू झाल्यावर हेच कट्टर लोक टोल्का पार्कच्या गेटबाहेर उभे राहून लोकांना सांगायचे की आत जाऊ नका. विचार करा हे किती अवघड असेल, ज्या टीमसाठी लहानपणापासून जीव टाकला तिचीच मॅच सोडून बाहेर रस्त्यावर उभं राहायचं. गेटचं उत्पन्न इतकं पडलं की १९८८ ला त्या मालकांनी क्लब विकून टाकला. पण जमीन काही परत मिळाली नाही. घरं झाली. आज तिथं रस्त्याच्या कडेला एक स्मारकाचा दगड आहे, इथं ग्राउंड होतं म्हणून.

आता मी जेव्हा जेव्हा इथपर्यंत येतो तेव्हा मला थांबावंच लागतं. कारण हे फक्त जमिनीचं प्रकरण नाही. चार वर्षं सलग जिंकूनसुद्धा क्लब घरातून बाहेर काढला गेला. म्हणजे जिंकलं की लोक येतात, दर्जा आला की सगळं आपोआप येतं, हे जे आपण एकमेकांना सांगत असतो ते इथंच खोटं ठरतं.

भटकंती

त्याच्यानंतर रोव्हर्स बावीस वर्षं दुसऱ्यांच्या ग्राउंडवर खेळला. टोल्का पार्क, डॅलीमाउंट जे त्यांच्या पक्क्या वैऱ्याचं म्हणजे बोहेमियन्सचं घर, मग आरडीएस जिथं घोड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, मग सँट्रीचं मॉर्टन स्टेडियम जे मुळात धावपटूंसाठी, मधल्या काळात अजून काही. आरडीएसला सुरुवातीला लोक बरे यायचे, १९९३-९४ ची लीग पण जिंकली, पण ते भाड्याचं घर, तिथून पण निघावं लागलं.

ग्राउंड बदलत राहिलं की काय होतं ते मला माझ्या अनुभवानं माहितीय. बाप आपल्या पोराला शुक्रवारी संध्याकाळी घेऊन जातो, तेव्हा तो नुसती मॅच बघायला नेत नाही, तो ठरलेल्या जागी नेतो, ठरलेल्या भिंतीजवळ, जिथं त्याचा बाप त्याला घेऊन आलेला, बाजूला तोच चहावाला, तेच चार ओळखीचे चेहरे. जागा हलली की ही साखळी तुटते आणि एकदा तुटली की त्या घरातला पुढचा पोरगा टीव्ही लावतो. टीव्हीवरची टीम कधी जागा बदलत नाही ना.

क्लबला नवीन घर द्यायचं ठरलं टॅला या उपनगरात. टॅला म्हणजे डब्लिनच्या नैऋत्येला, डोंगराच्या पायथ्याशी, आधी छोटं गाव, १९७० नंतर घरकुलं टाकून टाकून मोठं शहरच झालेलं, माणूस भरपूर आणि करमणूक काही नाही. १९९६ मध्ये घोषणा. २००० मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन. २००१ मध्ये पैसे संपले आणि काम थांबलं. अर्धा बांधलेला स्टँड, गंजलेल्या सळया, वर्षानुवर्षं तसाच उभा. आपल्याकडची जी कितीतरी क्रीडा संकुलं कोनशिला लावून राहिलीत त्यांचा फोटो म्हणून चालला असता. मग साउथ डब्लिनच्या काउंटी कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थेनं, काम स्वतःच्या हातात घेतलं, तर जवळचाच एक जीएए क्लब कोर्टात गेला, की सरकारी पैशानं होतंय तर मैदान एवढं मोठं करा की आमचे पण खेळ बसतील. त्यांचीही बाजू अगदीच चुकीची नव्हती असं मला वाटतं, सार्वजनिक पैशातून झालेल्या मैदानावर दोन खेळ का नकोत असं कुणी पण विचारेल. पण मैदान तेवढं मोठं केलं असतं तर फुटबॉल बघणारा माणूस कडेपासून लांब गेला असता आणि स्टँड कमी झाले असते. डिसेंबर २००७ मध्ये हायकोर्टानं निकाल दिला, कौन्सिलच्या बाजूनं.

या सगळ्या काळात क्लब कर्जात बुडाला. २००५ मध्ये कोर्टाच्या देखरेखीखाली गेला, आणि त्याच वर्षी इतिहासात पहिल्यांदा खालच्या डिव्हिजनला उतरला. आणि इथं ती गोष्ट घडली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चारशे क्लब नावाचा प्रेक्षकांचाच एक गट होता, त्यांनी दर महिन्याला वर्गणी काढून क्लब चालवायला घेतला. एक मेंबर एक मत. कोर्टानं मान्यता दिली आणि क्लब प्रेक्षकांच्या मालकीचा झाला. म्हणजे ग्राउंड नाही, पैसा नाही, डिव्हिजन खालची, आणि अशा वेळी माणसं खिशातून पैसे काढून मालक होतात! पुढच्याच वर्षी ते परत वर आले.

आता याच काळात बाकी क्लब काय करत होते ते बघा, कारण त्याच्याशिवाय हे प्रकरण अर्धं राहील. आयर्लंडमध्ये तेव्हा भरभराट होती, बिल्डर लोकांकडं पैसा होता, तो लीगमध्ये आला. म्हणजे गुंतवणूक नव्हती असं नाही, आली होती, जोरात आली होती. पण गेली कुठं? खेळाडूंच्या पगारात. ग्राउंड तशीच, पत्रे गळके, संडास तसेच, आणि टीम मात्र फुल टाइम प्रोफेशनल. शेलबोर्ननं २००६ ला लीग जिंकली आणि आर्थिक गोंधळामुळं लगेच खालच्या डिव्हिजनला टाकले गेले. ड्रॉहेडा युनायटेडनं २००७ ला जिंकली, २००८ ला कोर्टात. कॉर्क सिटी २००८ ला कोर्टाच्या देखरेखीखाली, २०१० ला जुनी कंपनी बंदच, तिथं पण शेवटी प्रेक्षकांच्या ट्रस्टनंच क्लब उचलला. बोहेमियन्सनं डॅलीमाउंट विकायचा सौदा केला, तो बाजार कोसळल्यावर फसला, शेवटी २०१५ ला डब्लिन महापालिकेनं ते ग्राउंड विकत घेऊन वाचवलं. पैसा आला की खेळ वाचतो हे ज्याला वाटतं त्यानं ही यादी परत वाचावी. पैसा पगारात गेला तर एका सीझनची आतषबाजी होते. जागेत गेला तर तो राहतो.

आपल्याकडं पण हे झालंय की. एफसी पुणे सिटी आठवते का, २०१४ ला आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा आमच्या इथली चार-पाच पोरं रात्रीच्या गाडीनं पुण्याला जाऊन बालेवाडीत मॅच बघून आली होती, जर्सी पण घेतल्या होत्या. २०१९ ला टीम गुंडाळली, जागा हैदराबादला गेली. त्या पोरांना कुणी विचारलं नाही, विचारणार तरी कसं, ते मेंबर नव्हते, गिऱ्हाईक होते. आणि जुलै २०२५ मध्ये तर अख्खी आयएसएलच थांबवून ठेवली, हक्कांच्या करारावरून. वर बसलेल्यांचा करार लटकला की खालचा सगळा खेळ लटकतो.

टॅला

मार्च २००९. टॅला स्टेडियमवर पहिली मॅच. समोर कोण, तर स्लायगो रोव्हर्स! ज्यांच्याविरुद्ध मिलटाउन सुटलं त्यांच्याविरुद्धच नवीन घर उघडलं, आणि शॅमरॉक रोव्हर्स जिंकले. त्याच वर्षी जुलैमध्ये रिअल माद्रिद तिथं मैत्रीपूर्ण मॅच खेळायला आली आणि क्रिस्टियानो रोनाल्डोनं माद्रिदच्या जर्सीत पहिली मॅच खेळली ती टॅलामध्ये.

२०१० ला लीग जिंकली, १९९४ नंतर पहिल्यांदा. २०११ ला परत. आणि ऑगस्ट २०११ मध्ये बेलग्रेडला जाऊन तिथल्या पार्टिझान क्लबला २-१ हरवून युरोपा लीग या युरोपभरच्या क्लबांच्या स्पर्धेच्या ग्रुपमध्ये पोचले, आयर्लंडचा पहिला क्लब. मग २०२० ते २०२३ सलग चार लीग, २०२५ ला परत. २०२४-२५ ला कॉन्फरन्स लीग या दुसऱ्या युरोपियन स्पर्धेत तर नॉकआउटपर्यंत गेले, नॉर्वेच्या मोल्डेला त्यांच्या घरी जाऊन १-० हरवलं, गोल मारणारा मायकेल नूनन, वय वर्षं सोळा. परतीच्या मॅचला टॅलामध्ये पेनल्टीवर हरले, पण तोपर्यंत त्या स्पर्धेत नुसतं पोचायचेच तीस लाख युरोच्या वर मिळाले होते, घरची लीग जिंकून जे मिळतं त्याच्या कित्येक पट.

आता क्रम नीट बघा. आधी प्रेक्षकांनी वर्गणी काढली, २००५. मग स्थानिक संस्थेनं ग्राउंड बांधून दिलं, २००९. ग्राउंड कौन्सिलच्या मालकीचं आहे, म्हणजे कुठला मालक उद्या उठून ते बिल्डरला विकू शकत नाही, हे मिलटाउनवरून शिकलेलं. आणि मोठे गुंतवणूकदार? ते आले २०१६ नंतर, दोघं जण, मिळून अर्धा हिस्सा, उरलेला अर्धा अजून मेंबरांकडं. मोठा पैसा सगळ्यात शेवटी आला. गर्दी दिसल्यावर आला. काकांचं काही चुकलं नव्हतं, पैसेवाला माणूस जगात सगळीकडं तेच विचारतो, बघायला येतं कोण.

अजून दोन गोष्टींनी हात दिला. २००३ पासून लीग उन्हाळी केली, वसंतात सुरू आणि नोव्हेंबरच्या आसपास संपते, आणि मॅच शुक्रवारी संध्याकाळी. इंग्लंडची मॅच शनिवार-रविवारी, मग भांडायचं कशाला, शुक्रवार आपला. ज्याला लिव्हरपूल बघायचंय त्यानं बघावं ना, शुक्रवारी मात्र इकडं यावं. दुसरी गोष्ट ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं ते. २०२१ पासून ब्रिटनचे क्लब अठरा वर्षांच्या आतला परदेशी पोरगा घेऊ शकत नाहीत, आयर्लंडचा पण नाही. आधी पंधरा-सोळाव्या वर्षी जाणारी पोरं आता दोन-तीन वर्षं घरीच खेळतात, लोकांना डोळ्यासमोर दिसतात, आणि जाताना क्लबला पैसे पण जास्त देऊन जातात. डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स क्लबचा मेसन मेलिया लंडनच्या टॉटनहॅमला विकला गेला तो लीगच्या विक्रमी किमतीला. फेब्रुवारी २०२५ मध्ये डब्लिनच्या अविवा स्टेडियमवर बोहेमियन्स विरुद्ध रोव्हर्स बघायला ३३ हजारांच्या वर माणूस आलं, लीगच्या मॅचला.

सगळं छान झालं असं मात्र समजू नका. फुटबॉल संघटनेची देणी २०१९ ला ६ कोटी युरोच्या घरात सापडली आणि सरकारला वाचवावं लागलं, त्याच्यात लीगसाठी काय उरणार होतं. सरकार घोड्यांच्या आणि कुत्र्यांच्या शर्यतींना वर्षाला जवळपास १० कोटी युरो देतं आणि क्लबांच्या अकॅडमीवाल्यांना मात्र पैसे मागत दारोदार जावं लागलं. कितीतरी ग्राउंड अजून जुनाट आहेत. रोव्हर्सचं जमलं म्हणून सगळ्यांचं जमलं नाही, आणि सगळ्यांकडं चार-पाचशे माणसं नसतात जी खालच्या डिव्हिजनमध्ये पण वर्गणी भरतील.

आमच्याकडं

आमचं ग्राउंड एका संस्थेचं आहे, नाव घेत नाही. काळी माती. पावसाळ्यात प्रत्येक बुटाला किलोभर चिखल, एप्रिलमध्ये अशा भेगा की घोटा जाईल. पण त्याच्यापेक्षा मोठा त्रास हा की लग्नसराईत मंडप, मग सेल, मग कुणाची सभा, मग फटाक्याचे स्टॉल. मंडपाचे खड्डे कुणी बुजवत नाही, खिळे आम्हीच वेचतो. वर्षातले किती रविवार आम्हाला ते ग्राउंड सलग मिळालं हे मी मागच्या डायऱ्यांमधून काढून बघितलं, सगळ्यात जास्त सलग सात. सात रविवारात कुणाला सवय लागणार आहे? मी इतकी वर्षं पोरांना दोष दिला, पालकांना दिला, क्रिकेटला दिला, मोबाईलला दिला. मॅच कधी आणि कुठं असते हेच ज्याला खात्रीनं सांगता येत नाही त्यानं प्रेक्षक आले नाहीत म्हणून रागवायचं कसं.

म्हणून यंदा आम्ही स्पर्धाच घेतली नाही. लोकांनी नावं ठेवली, पण दोन दिवसाचा मंडप, बॅनरवर पंधरा फोटो, ट्रॉफी, आणि तिसऱ्या दिवशी परत सामसूम, याच्यात मला आता काही दिसत नाही. त्याऐवजी चार टीम केल्या, आमच्यातल्याच, आणि रविवारी संध्याकाळी साडेपाचला मॅच, दर रविवारी, पाहुणे असोत नसोत. वर्गणी महिन्याला पन्नास रुपये, खेळणाऱ्याला पण आणि बघणाऱ्याला पण, हिशोब वहीत, वही सगळ्यांना उघडी. जून महिन्यात सुरुवात केली तेव्हा बघणारे म्हणजे दोन पोरांचे वडील आणि एक भेळवाला. एका रिटायर गार्ड बाबांनी स्वतःहून येऊन खुर्ची टाकली, ते म्हणाले पूर्वी रेल्वेच्या टीमची मॅच असली की ते ड्युटी बदलून घ्यायचे. आता दर रविवारी तीच जागा, तीच खुर्ची, कुणी तिथं बसलं तर पोरंच उठवतात.

कृषी सेवा केंद्रवाल्या काकांकडं मी परत गेलो नाही अजून. त्यांचा मुलगा मात्र दोनदा येऊन गेला, लिव्हरपूलचीच जर्सी घालून, सायकल भिंतीला लावून उभ्या उभ्या बघत होता, दुसऱ्यांदा आला तेव्हा वहीत नाव लिहून पन्नास रुपये देऊन गेला.

संस्थेकडं अर्ज दिलाय, की वर्षभर रविवार दुपारनंतर ग्राउंड आम्हाला लेखी द्या, भाडं घ्या, पण मंडपवाल्यांना तो दिवस देऊ नका. नगरपालिकेकडं दुसरा अर्ज, शाळेमागची जी पडीक जागा आहे तिथं कायमचं मैदान करण्यासाठी, सोबत एकशे बारा सह्या. मुरूम टाकायला ट्रॅक्टर एकजण फुकट द्यायला तयार आहे, रोलरचं बघायचंय. संस्थेचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि तुळशीचं लग्न झालं की पहिला मंडप पडतो.